अँगस्ट्रॉम, नॅनोमीटर की पिकोमीटर? प्रबंधात नेमकं काय लिहावं

एमएस्सीचा प्रकल्प असो की पीएचडीचा प्रबंध, अणूंमधली अंतरं कशात द्यायची यावर एकदा तरी वाद होतोच. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. त्याचा दहावा भाग अँगस्ट्रॉम, हजारावा पिकोमीटर. हिऱ्यातलं कार्बन-कार्बन अंतर ०.१५४ नॅनोमीटर, १.५४ अँगस्ट्रॉम किंवा १५४ पिकोमीटर. तिन्ही बरोबरच.

नियमावर बोट ठेवायचं तर अँगस्ट्रॉम बाद. ते एसआय (आंतरराष्ट्रीय एकक पद्धती) एकक नाही आणि २०१९च्या एसआय पुस्तिकेने त्याला मान्य बिगर-एसआय एककांच्या तक्त्यातूनही वगळलं. पण व्यवहार वेगळा आहे. स्फटिकरचना साठवणाऱ्या सीआयएफ फाइली आणि प्रोटीन डेटा बँकेतले (प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातले) अणूंचे स्थाननिर्देशक आजही अँगस्ट्रॉममध्येच असतात. बीएस्सीच्या प्रयोगवहीत सोडियमच्या पिवळ्या रेषा ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम अशाच उतरवल्या जातात.

पिकोमीटर बंधलांबीसाठी देखणा: दशांशचिन्हाची कटकट नाही आणि एसआयची शिस्तही पाळली जाते. घनफळाची वेळ आली की मात्र पंचाईत होते. मिठाच्या युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकाची) कड ५.६४ अँगस्ट्रॉम, घनफळ सुमारे १७९ घन अँगस्ट्रॉम. तेच पिकोमीटरमध्ये मांडलं तर जवळपास १७ कोटी ९४ लाख! असा तक्ता कोण वाचणार?

कणांचा आकार, पातळ थराची जाडी, प्रकाशाची तरंगलांबी यांसाठी डोळे झाकून नॅनोमीटर घ्या. एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तनावरून) शेररच्या सूत्राने कणाचा आकार काढताना तेवढं जपा. तांब्याच्या के-अल्फा किरणांची तरंगलांबी १.५४०६ भरली तर उत्तर अँगस्ट्रॉममध्ये येतं, ०.१५४०६ भरली तर नॅनोमीटरमध्ये. २५० आलं आणि पुढे नॅनोमीटर लिहून मोकळे झालात, तर २५ नॅनोमीटरचा कण कागदावर दहापट फुगतो. परीक्षक हे हमखास पकडतात.

माझं मत विचाराल तर रचनेच्या प्रकरणात बेलाशक अँगस्ट्रॉम वापरा; पहिल्या उल्लेखाला ‘१ अँगस्ट्रॉम = ०.१ नॅनोमीटर’ एवढी नोंद पुरे. नियतकालिक एसआयवर अडून बसलं तर लांब्या पिकोमीटरमध्ये आणि घनफळं घन नॅनोमीटरमध्ये द्या. बदलताना कंसातली अनिश्चितता तशीच ठेवायची: १.५४२(३) अँगस्ट्रॉमचं १५४.२(३) पिकोमीटर होतं, कारण कंसातला आकडा शेवटच्या अंकाचा असतो.

फेम्टोमीटरच्या, म्हणजे पिकोमीटरच्या हजाराव्या भागाच्या, वाटेला जायचं कारण नाही. तो अणुकेंद्रकवाल्यांचा, प्रोटॉनची त्रिज्या साधारण ०.८४ फेम्टोमीटर.

जुने संदर्भ चाळणार असाल तर आणखी एक. १९४७ च्या आधीच्या एक्स-रे निबंधांत ‘अँगस्ट्रॉम’ म्हणून छापलेली लांबी बहुतेक वेळा प्रत्यक्षात भौतिकशास्त्रज्ञ सीगबानच्या एक्स-एकक या जुन्या एककाच्या हजार पटीत मोजलेली असते. तिला १.००२०२ ने गुणा. मिठाची जुनी ५.६२८ ही कड गुणल्यावर ५.६३९ येते आणि आजच्या आकड्याशी जुळते.