घरच्या सँडब्लास्टिंगसाठी कॉम्प्रेसर आणि प्रेशर पॉट: काही महिन्यांच्या वापरानंतर

बहुतेक जण आधी कॉम्प्रेसरवरचा एचपीचा आकडा बघतात आणि मग मिळेल तो ब्लास्टर (हवेच्या जोराने बारीक कण मारून गंज-रंग उडवणारं यंत्र) जोडतात. मी आधी नोझलचं भोक ठरवलं आणि आजही तेच सुचवेन. ३.२ मिमीच्या नोझलला ९० पीएसआय दाबावर साधारण १८ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. ४.८ मिमीला तीच गरज ४०च्या वर जाते. भोकाचा व्यास दीडपट, पण हवा सव्वादोनपट!

पिस्टन कॉम्प्रेसर एका एचपीमागे ३ ते ४ सीएफएम देतो, म्हणजे ५ एचपीचं मशीन ३.२ मिमीला जेमतेम पुरतं आणि सतत धापा टाकतं. म्हणून मी ५ एचपीचा टू-स्टेज (दोन टप्प्यांत हवा दाबणारा), बेल्टवाला कॉम्प्रेसर घेतला आणि नोझल मात्र २.४ मिमीचं ठेवलं. काम हळू होतं, पण मशीनला मधूनमधून थांबायला सवड मिळते आणि हेड तापत नाही. विकत घेताना डिस्प्लेसमेंट (पिस्टनच्या मापावरून काढलेला कागदी आकडा) नव्हे, एफएडी (प्रत्यक्षात बाहेर मिळणारी हवा) विचारा. दुकानदार आकडा सांगायला टाळाटाळ करायला लागला की समजून जा.

मोठ्या टाकीवर फार विसंबू नका. २०० लिटरची टाकी १२० वरून ८० पीएसआयवर येताना १९ घनफूट हवा देते, ३.२ मिमीचं नोझल ती मिनिटभरात फस्त करतं.

कण नुसत्या हवेच्या ओढीने खेचणाऱ्या सक्शन गनपेक्षा, कण बंद टाकीतून दाबाने ढकलणारा प्रेशर पॉट कितीतरी वेगवान, याबद्दल वादच नाही. गेटच्या जाळीवरचा जुना गंज, जिथे ग्राइंडर पोचतच नाही, तिथे खरा फरक दिसतो. पातळ पत्र्यावर मात्र दाब कमी करा आणि एका जागी रेंगाळू नका, पत्रा लगेच वाकतो.

खरा त्रास पाण्याचा. दमट हवेत थोडा वेळ काम झालं की नोझलचा एकसारखा फुत्कार तुटक होतो, मग फट्-फट् झटके येतात, मग नुसतीच हवा. पॉट रिकामा केला की तळाशी गार्नेटची (मारा करायच्या कठीण खनिज कणांची) ओली ढेकळं. हवेतलं पाणी वेगळं काढणारा सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावून उपयोग नाही, कारण तिथली गरम हवा वाफ तशीच पुढे नेते. मी मध्ये लांब लोखंडी पाइप टाकला, हवा त्यात थंड होते, आणि सेपरेटर पॉटच्या जवळ बसवला. तेव्हापासून ढेकळं जवळपास बंद. टाकीचा ड्रेन रोज उघडायचाच. गार्नेट परत वापरायचं तर चाळूनच, रंगाचा एक पापुद्रा व्हॉल्व्ह अडवायला पुरेसा असतो.

नाव सँडब्लास्टिंग असलं तरी पॉटमध्ये वाळू घालू नका. वाळूच्या बारीक सिलिका धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गार्नेट वापरलं तरी जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं हुड हवं. ऑइलवाल्या कॉम्प्रेसरची हवा थेट त्यात सोडायची नाही. हात सुटला की मारा बंद करणारा डेडमॅन व्हॉल्व्ह नसेल, तर तो पॉट घेऊच नका.

ब्लास्ट केलेलं लोखंड त्याच दिवशी प्रायमरखाली गेलं पाहिजे; दमट दिवसात काही तासांतच त्यावर तांबूस झाक येते. सोबत आलेलं सिरॅमिक नोझल लवकर झिजतं आणि भोक वाढलं की हवेचं सगळं गणित बिघडतं. पुढचं मी टंगस्टन कार्बाइडचंच घेणार आहे.