तुळशीबाग ते बोहरी आळी: तेराशे रुपयांत घर पण उजळलं आणि मी पण

गेल्या वर्षी मी ऑनलाइन एक चिकटवायचा वॉलपेपर मागवला होता, विटांच्या डिझाइनचा, हॉलच्या एका भिंतीसाठी. कंपनीचं नाव घेत नाही. पावसाळ्यात त्याच्या कडा सुटल्या, खालून काळी बुरशी दिसायला लागली, आणि काढायला गेले तर भिंतीचा रंगच सोलून आला. भाड्याचं घर आहे आमचं, त्यामुळे घरमालक काकांना तोंड दाखवायची पंचाईत, आणि वर पैसे गेले ते गेलेच. म्हणून यंदा दिवाळीच्या आधी ठरवलं की काही रेडीमेड किट वगैरे घ्यायचं नाही, आई ज्या वस्तूंनी घर लख्ख करायची त्याच घ्यायच्या आणि त्या जिथे मिळतात तिथूनच घ्यायच्या. म्हणजे पुण्यातली तुळशीबाग, मंडई आणि बोहरी आळी. हा रिव्ह्यू त्याच खरेदीचा आहे, आणि घरी आणून सगळं वापरल्यावर, तीन आठवडे थांबून लिहितेय.

आधी जायचं कसं. गाडी नेऊ नका, खरंच नेऊ नका. मेट्रो आता मंडईपर्यंत जाते, मी नळ स्टॉपला बसले, सिव्हिल कोर्टला बदलली आणि मंडईला उतरले, बाहेर आलं की सगळं चालत. सकाळी अकराच्या आसपास गेलात तर दुकानदार नीट बोलतात, वस्तू काढून दाखवतात, संध्याकाळी मात्र दिवाळीच्या तोंडावर पाय ठेवायला जागा नसते.

पहिली खरेदी बोहरी आळीत, चुना. आमच्या मागच्या बाल्कनीची भिंत साधी सिमेंटची आहे, दर पावसाळ्यात ओल येते आणि हिरवं-काळं धरतं. तिला ऑइलपेंट दिला की ओल आत कोंडते आणि सहा महिन्यांत पोपडे. चुना तसा नाही, भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि तो इतका जहाल क्षारधर्मी असतो की त्याच्यावर बुरशी सहजी धरत नाही. पण चुना घेताना एक नीट बघा. मला पहिल्या दुकानात जो मिळाला (नाव नको) तो भुगा झालेला होता, घरी येऊन पाण्यात टाकला तर ना फसफसला ना गरम झाला. चुनकळी, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे खडे, हवेतला ओलावा ओढून आधीच विरून गेलेली, आणि तशीच उघडी पडून राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडीसारखी होते, मग ती भिंतीला धरणार कशी? दुसऱ्या दिवशी परत गेले, शेजारच्याच दुकानात मागितला, त्या काकांनी बंद डब्यातले कडक खडे काढून दिले आणि म्हणाले, "ताई, प्लास्टिकच्या बादलीत नका हं करू." ते किती बरोबर होतं ते घरी कळलं. पत्र्याच्या बादलीत आधी पाणी घेतलं आणि एकेक खडा सोडत गेले, तर पाणी अक्षरशः उकळायला लागलं! प्लास्टिक असतं तर वितळून गेलं असतं. आणि हो, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, लहान मुलं आसपास नकोत, ह्यात हयगय करू नका, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. गेलाच तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तडक डॉक्टरकडे.

दोन किलो चुनकळीला साधारण दहा लिटर पाणी घेतलं, रात्रभर झाकून ठेवलं, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं, मूठभर मीठ, थोडा फेव्हिकॉल आणि अगदी चिमूटभर नीळ. नीळ टाकली नाही तर पांढरा पिवळट दिसतो, जास्त झाली तर भिंत निळी होते, म्हणून आधी कोपऱ्यात एक हात मारून बघा. भिंत तारेच्या ब्रशने खरवडून, पाणी मारून ओली केली आणि मग कुंचल्याने पातळ पातळ तीन हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. पहिला हात दिल्यावर माझा जीव खालीवर झाला होता कारण ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो, काही दिलंय असंच वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर काय, भिंत पांढरीशुभ्र! संध्याकाळचं ऊन त्या भिंतीवर पडतं ना तेव्हा आमचा छोटासा ओटासुद्धा उजळून जातो, दिवा लावावा लागत नाही.

तोटे पण सांगते. टेकून बसलात तर कपड्याला पांढरं लागतं, फेव्हिकॉल घालूनसुद्धा थोडं लागतंच. आणि ज्या भिंतीला आधी ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट आहे तिथे चुना धरत नाही, सोलून पडतो, त्यामुळे हॉलच्या त्या खराब झालेल्या भिंतीला मी हा उपाय केला नाही. तिथे फक्त सोललेल्या जागी पुट्टी भरली आणि त्यावर आईची एक सुती साडी ताणून लावली.

साडीवरून आठवलं, पडदे. साडी साडेपाच मीटर असते, आपला दाराचा पडदा सात फुटी, म्हणजे एका साडीत दोन पडदे आरामात बसतात आणि वर जवळजवळ मीटरभर कापड उरतं, त्यात उशांचे अभ्रे झाले. पडद्याच्या रिंगा बोहरी आळीत घेतल्या. शिलाई केली ती आमच्या गल्लीतल्या टेलर ताईंकडून. नवीन पडद्यांचा भाव विचारलात तर फरक तुमचा तुम्हाला कळेल.

तुळशीबागेत काय घेतलं तर गेरू, रांगोळीचे रंग आणि दोन पितळी पणत्या. गेरू किलोभर घेतला आणि तो खूप झाला, अर्धा अजून शिल्लक आहे. पाण्यात कालवून थोडा डिंक घालायचा आणि मातीच्या कुंड्यांना फासायचा. मी आधी कुंड्यांना चकचकीत ऑइलपेंट द्यायचे, दिसायला छान पण माती आतल्या आत ओली राहून मोगऱ्याची मुळं कुजली दोनदा. गेरूने कुंडी झिरपती राहते. वर तांदळाच्या पिठाने मुलीने वारली पद्धतीची माणसं काढली, तिकडे डहाणू-जव्हारकडे झोपडीच्या भिंतींवर गेरू आणि तांदळाचं पीठ असंच वापरतात हे तिला शाळेत शिकवलं होतं, तिने मला समजावून सांगितलं! पावसात हे धुऊन जाणार हे लक्षात ठेवा, दरवर्षी परत करायचं.

आता माझ्यासाठीची खरेदी, आणि ही मला सगळ्यात आवडली. रविवार पेठेत एक जुनं काष्ठौषधीचं दुकान आहे, आत शिरलं की वाळा आणि कापूरकाचरीचा असा वास येतो की निघावंसं वाटत नाही. उटण्यासाठी मी नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या आणि मुलतानी माती घेतली, मसूर डाळ घरचीच. तयार उटण्याचं पाकीट पण होतं तिथे, पण दुकानातल्या आजोबांनीच विचारलं, "त्वचा कोरडी का तेलकट?" आणि कोरडी म्हटल्यावर मुलतानी माती निम्मी केली. हा प्रश्न मला आजवर कुठल्या मॉलमध्ये कोणी विचारला नव्हता. मसुराचं पीठ वाटीभर, मुलतानी पाव वाटी, बाकी सगळं चमचा-चमचा, आणि भिजवायचं दुधात, थोडी साय घालून. आधी तिळाचं तेल कोमट करून अंगाला लावलं, वीस मिनिटं बसले, मग उटणं. पहिल्यांदा लावणार असाल तर कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांबा, नैसर्गिक आहे म्हणून प्रत्येकाला चालेलच असं नाही.

केसांसाठी रिठा, शिकेकाई, आवळकाठी. रात्री लोखंडी कढईत भिजत घातलं, सकाळी उकळून, कुस्करून, गाळून घेतलं. फेस शाम्पूसारखा येत नाही आणि पहिल्या दोन धुण्यांना केस राठ वाटले, तिसऱ्यांदा मात्र छान मऊ झाले. रिठा डोळ्यात गेला की फार झोंबतो, डोळे घट्ट मिटूनच डोकं धुवा. वेळ लागतो हे खरं, रविवारशिवाय जमत नाही, पण तो रविवारचा दीड तास कोणी मला हाक मारत नाही आणि मी फोनही बाहेर ठेवते.

एकूण खर्च तेराशेच्या आत, मेट्रो आणि मंडईतला उसाचा रस सोडून. बोहरी आळीला ५ पैकी ४, एक कापला तो त्या भुगा चुन्यामुळे, खडा हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तुळशीबागेला ४, पितळी पणत्यांचा भाव पहिला सांगितला त्याच्या निम्म्यावर आला, घासाघीस जमत नसेल तर कोणाला तरी सोबत न्या. काष्ठौषधीच्या दुकानाला ५. कापडी पिशव्या दोन-तीन न्या आणि चुना वेगळ्या पिशवीत ठेवा, ओल्या भाजीबरोबर अजिबात नको. उरलेला भिजवलेला चुना फेकू नका, फेव्हिकॉल घालायच्या आधीच थोडा बाजूला काढा, वर चार बोटं पाणी राहील असा डबा घट्ट झाकून ठेवा, तसाच टिकतो. माझा ठेवलाय, जिन्याखालची भिंत घरमालक काकांनी स्वतःहून करून मागितलीये.