बायपासनंतर परत छातीत दुखतंय: पुन्हा बायपास की स्टेंट?

एकाने विचारलं, वडिलांची बायपास होऊन 12 वर्षं झाली, आता जिना चढताना परत छाती भरून येते, काय करावं? आधी अँजिओग्राफीत कुठली नळी बंद आहे ते कळू दे. पायातून काढून जोडलेल्या शिरा 10 वर्षांत जवळपास निम्म्या खराब होतात, बायपासमध्ये जोडलेली छातीतली धमनी (लिमा) मात्र बहुतेकांची चालूच असते, आणि सगळा निर्णय तिच्यावरच फिरतो.

धोका बघा. दुसऱ्यांदा छाती उघडताना हृदय आतून हाडाला चिकटलेलं असतं, हाड कापतानाच चालू असलेली लिमा दुखावू शकते, म्हणून पहिल्यापेक्षा धोका बराच जास्त. स्टेंट मनगटातून किंवा जांघेतून, बहुतेकदा एक-दोन दिवसांत घरी. पण जुन्या शिरेत टाकला तर आतला गाळ सुटून पुढे अडकतो, म्हणून जमेल तिथे हृदयाची मूळ धमनीच उघडतात.

टिकण्यात बायपास पुढे, स्टेंटवाल्यांना परत यावं लागण्याची शक्यता जास्त. रिकव्हरीत उलटं, हाड जुळायलाच 6 ते 8 आठवडे. गोळ्या दोन्हीकडे आहेतच, सुटका नाही.

माझं मत, लिमा चालू असेल, वय जास्त किंवा किडनी-फुप्फुस कमजोर असेल तर स्टेंट. लिमा बंद, बऱ्याच नळ्या गेलेल्या, पण तब्येत ठणठणीत असेल तर पुन्हा बायपासचा विचार करा, तोही असली ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच. आणि दुखणं गोळ्या वाढवून आटोक्यात येत असेल तर दोन्हीची घाई नको, पण बसल्याबसल्या दुखायला लागलं तर लगेच इमर्जन्सी गाठा.