ऑर्किडची पिल्लं प्रो-ट्रेमध्ये: बरेच महिने वापरल्यावर

फ्लास्कमधून, म्हणजे बिया रुजवायच्या बंद बाटलीतून काढलेली ऑर्किडची पिल्लं आधी मी सगळी एकाच उथळ कुंडीत दाटीवाटीने लावायचे, बहुतेक जण तसंच करतात, पण या वेळी मुद्दाम ७२ कप्प्यांचा प्रो-ट्रे (रोपं वाढवायचा छोट्या कप्प्यांचा प्लास्टिकचा ट्रे) घेतला आणि फॅलेनोप्सिस, डेन्ड्रोबियम, थोडी कॅटलिया असं सगळं त्यात लावलं. आता बरेच महिने झालेत म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कूज पसरत नाही. एकत्र कुंडीत एक रोप बुडाशी काळं पडलं की शेजारची चार गेलीच समजा, कारण पिथियमसारखे रोग ओल्या मॉसमधून (रोपं लावायच्या शेवाळातून) पाण्याबरोबरच पुढे सरकतात. इथे तेवढा कप्पा रिकामा करायचा, आजूबाजूचे थोडे कोरडे ठेवायचे, बास. मात्र ट्रे पाण्यात बुडवून पाणी देऊ नका, तेच पाणी सगळ्यांना लागतं आणि मग वेगळ्या कप्प्यांचा उपयोग काय? मी बारीक तोंडाच्या बाटलीने एकेका कप्प्यात देते, वेळ जातो पण त्या निमित्ताने प्रत्येक रोप नजरेखालून जातं.

पाणी कधी द्यायचं ते मुळंच सांगतात. कोरडं मूळ रुपेरी पांढरं दिसतं आणि पाणी लागलं की बघता बघता हिरवं होतं. खालच्या भोकातून पेन्सिलीने हळूच ढकललं की मॉसचा अख्खा गोळा वर येतो, त्याला गुंडाळलेली मुळं आणि त्यांची हिरवी टोकं दिसतात, बघून झालं की परत तसाच बसवायचा. एकत्र कुंडीत हे जमतच नाही, तिथे मुळं एकमेकांत इतकी गुंततात की वेगळी करताना तुटतातच. माझ्यासाठी तर ट्रे घ्यायला हे एकच कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र समजून घ्यावी लागते, कडेचे कप्पे लवकर सुकतात आणि मधले ओले राहतात, मग सगळ्यांना सारखं पाणी दिलं की कडेची तहानलेली आणि मधली गच्च. मी त्याचाच उपयोग करून घेतला, दोन पाण्यांच्या मध्ये नीट सुकायला आवडतं ती कॅटलिया आणि डेन्ड्रोबियम कडेला, फॅलेनोप्सिस मधल्या कप्प्यांत. मॉस सैलसर भरा, एवढ्याशा कप्प्यात दाबून भरलं तर आत हवाच राहत नाही. बारीक बार्क (झाडाच्या सालीचे तुकडे) वापरणार असाल तर भोकावर आधी चिमूटभर मॉस ठेवा नाहीतर सगळं खालून गळतं.

सुरुवातीचे काही आठवडे झाकण हवंच. ही रोपं बंद बाटलीत, भरपूर दमट हवेत, साखर घातलेल्या अगारच्या जेलीवर वाढलेली असतात (१९२२ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ क्नुडसन यांनी, निसर्गात लागते त्या बुरशीच्या मदतीशिवाय ऑर्किडच्या बिया रुजवून दाखवल्या, आजची फ्लास्कची पद्धत त्यातूनच आली), त्यामुळे पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो आणि उघड्यावर लगेच मरगळतात. झाकण रोज थोडं थोडं जास्त वेळ उघडत जा. खत पाव ताकदीचं, आणि अधूनमधून नुसत्या पाण्याने कप्पे चांगले धुवून काढा, मॉस एवढंसंच असतं म्हणून क्षार पटकन साठतात.

तक्रारी पण आहेत. माझा ट्रे पातळ आहे, ओला असताना एका बाजूने उचलला की वाकतो आणि गोळे उडी मारून बाहेर येतात, खाली कडक ट्रे लागतोच. आणि ७२च्या ट्रेचा कप्पा फॅलेनोप्सिसला लहान पडतो, पानं शेजारच्यावर सावली धरतात, काही मुळं तर भिंत ओलांडून सरळ बाजूच्या कप्प्यात शिरली!

अगदी नखाएवढी रोपं असतील तर ट्रे नको, एवढुसा कप्पा फार पटकन सुकतो, ती आधी एकत्रच वाढवा. बोटाच्या दोन पेरांएवढी पानं झाली की मग ट्रे, आणि तोही ५० कप्प्यांचा, जाड प्लास्टिकचा घ्या.