वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्यावी का? घ्या, पण नोव्हेंबरातच

एकेक दिवाळी अंक आता तीनशे-चारशेच्या घरात गेलाय, चार घेतले तरी महिन्याचा किराणा बोंबलतो, त्यामुळे ज्यांना वाचायची हौस आहे पण विकत घेणं जमत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. देवगड तालुक्यातलं आमचं वाचनालय, सरकारी दर्जाने ब वर्गाचं, छोटंसंच. वर्गणी एकदाच भरायची, डिपॉझिट वेगळं (ते परत मिळतं), एका वेळी एक अंक, आठ दिवसांत आणून द्यायचा, आणि हे मार्चपर्यंत चालतं. बस्स.

मी घेते ती कथांसाठी. राजकारणावरचे लांबलचक लेख मी सरळ पलटते, राशिभविष्य सासूबाई आधीच वाचून ठेवतात. मला लागतात घरातल्या गोष्टी. सासू-सून, नवरा-बायको, उतारवयात कुणीतरी कुणाला भेटतं, कुणी नव्याने डाव मांडतं असल्या. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आपल्याकडे दिवाळी अंक सुरू झाले ते तिथनं, म्हणजे शंभरच्या वर वर्षं झाली तरी दिवाळीत फराळासोबत कथा लागतेच आपल्याला.

आता खरं सांगायचं तर यंदाच्या निम्म्या कथा नुसत्या गोड. मुंबईची नोकरी सोडून जोडपं कोकणात येतं, आजोबांचं घर उघडतं, होमस्टे काढतं, सगळे खूश. अहो पण त्या घराच्या सातबाऱ्यावर बारा नावं नाहीत का? एका काकाची सही मिळायला दहा वर्षं जातात इथे! पावसात कौलं सरकत नाहीत, वानर येऊन ती फोडत नाहीत, वाडीतलं कुणी पाणंदीवरनं भांडत नाही, असं कुठलं गाव आहे ते मला पण सांगा, मीच जाते राहायला. चाकरमानी गणपतीत चार दिवस येऊन ज्या नजरेने गाव बघतात ना, त्या नजरेने लिहिलेलं लगेच कळतं.

पण एक कथा अशी मिळाली की त्यातच वर्गणी वसूल. सासू विधवा सुनेचं दुसरं लग्न स्वतः पुढे होऊन लावते, इथपर्यंत ठीक, वाचलंय आपण असं. पण लेखिका तिथे थांबत नाही. लग्नानंतर नातू कुणाकडे राहणार, शाळा कुठली, मे महिन्यात कुणी न्यायचा यावरनं दोघी फोनवर कचाकचा भांडतात, आणि नवा नवरा मधे गरीब गायीसारखा बसलेला, कधी हिला चहा दे कधी फोन चार्जिंगला लाव. दोघींची माया त्या भांडणातच दिसते, कुणी कुणाच्या गळ्यात पडून रडत नाही. मी ती सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बरोबर हा म्हातारीचा." मी गप्प.

ती कथा मला सापडली नसती, ग्रंथपाल बाईंनी अंक हातात दिला. "ह्यो घेवन जा गो, तुका आवडतलो." कोण काय वाचतं हे त्यांना पाठ आहे, ही या योजनेतली सगळ्यात भारी गोष्ट.

वाईट काय ते पण लिहिते. गाजलेले अंक दोनच प्रती घेतात आणि काही मेंबर ते दाबून ठेवतात, दंड इतका कमी की कुणाला त्याचं काही वाटत नाही. पाककृतीची पानं ब्लेडने कापलेली. एका प्रेमकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने कुणीतरी लिहून ठेवलेलं, 'शेवटी परत येतो'. काय म्हणावं आता! आणि वेळ फक्त संध्याकाळची, म्हणजे लांबच्या वाडीवरच्यांनी शेवटची एसटी बघूनच जावं.

वर्गणी पहिल्याच आठवड्यात भरा. उशिरा भरली की चांगले अंक हातात पडेपर्यंत फेब्रुवारी संपतो, मग आंबा सुरू होतो, पेट्या भरायच्या की कथा वाचायच्या? सोमवारी बंद असतं, मंगळवारी जा, रविवारी परत आलेले अंक तेव्हा टेबलावरच असतात, कपाटात जायच्या आधी बघून घ्या.