मिन ऑफ द मिसिसिपी: चौथीच्या पोरांना पाण्यातलं जग शिकवायला वापरलेलं पुस्तक

हे इंग्रजी पुस्तक घ्यावं का, याचं ज्यांना पटकन उत्तर पाहिजे त्यांना आधीच सांगते, पुस्तक घ्याच. पण पोरांच्या हातात देऊन 'वाचा आता' म्हणायला घेऊ नका, तुम्ही स्वतः वाचून मराठीतनं सांगायला घ्या. मी कोल्हापुरात चौथीच्या वर्गाला शिकवते, सेमी इंग्लिश आहे, आणि परिसर अभ्यासात पाण्यातले सजीव आले की दरवर्षी तेच व्हायचं, जलचर, भूचर, उभयचर अशी यादी पाठ, प्रत्येकी दोन उदाहरणं, झालं. पेपरात मार्क पडतात, पण त्याच पोरांना आमच्या गावातल्या रंकाळा तलावावर नेऊन विचारलं की इथं काय काय राहतं, तर मासे आणि बदकं याच्या पुढं गाडी जात नाही. म्हणून एखादी गोष्ट घेऊन शिकवावं असं बरेच दिवस डोक्यात होतं आणि शोधता शोधता हे पुस्तक सापडलं.

पुस्तक जुनं आहे, १९५१ चं. लेखक होलिंग क्लॅन्सी होलिंग. १९५२ साली त्याला अमेरिकेतला न्यूबेरी ऑनर, म्हणजे बालसाहित्याचा सन्मान, मिळालेला आहे. गोष्ट एका मादी कासवाची, जातीनं स्नॅपिंग टर्टल म्हणजे कडकडून चावणारं गोड्या पाण्यातलं कासव, नाव मिन, आणि तिला पाय तीनच. मिसिसिपी नदी उगम पावते तिथं ती जन्मते आणि हळूहळू खाली खाली जात मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचते. नदीची लांबी सुमारे ३,७०० किलोमीटर. आमच्या वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर पोरं म्हणाली, तीन पायांवर? तिथंच सगळा वर्ग गोष्टीत अडकला.

पुस्तक आकारानं मोठं आहे, मोठी पूर्ण पानभर रंगीत चित्रं, आणि मजकुराच्या पानावर समासात पेन्सिलनं काढलेली छोटी छोटी चित्रं, प्राणी, झाडं, नकाशे. वर्गात उभं धरलं तर मागच्या बाकावरनं पण रंगीत चित्र दिसतं, समासातलं मात्र दिसत नाही, त्यासाठी चार चार पोरांना जवळ बोलवावं लागतं. माझं म्हणणं, तेच बरं आहे. नाक पुस्तकाला लावून बघतात पोरं.

आता मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं ते. मिन बोलत नाही. तिला टोपी नाही, तिची मैत्रीण खारूताई नाही, ती कुणाला उपदेश करत नाही. ती फक्त कासव आहे, भूक लागली की खाते, थंडी पडली की चिखलात जाते, धोका वाटला की चावते किंवा पळते. आपल्याकडं लहान मुलांच्या गोष्टीत प्राणी आले की ते लगेच माणसासारखे वागायला लागतात आणि मग मुलांना त्या प्राण्याबद्दल काहीच कळत नाही, माणसाबद्दलच कळतं. इथं उलटं होतं. मिनला काय पाहिजे हे कळायचं तर कासवाला काय पाहिजे हे कळावं लागतं, म्हणजे पाणी कसलं, खोल की उथळ, वाहतं की साचलेलं, तळाला चिखल आहे की दगड, खायला काय, अंडी घालायला जागा कुठं. अधिवास हा शब्द मी न वापरता पोरं अधिवासावरच बोलायला लागली होती.

थंडीच्या प्रकरणाला आम्ही जास्तच रेंगाळलो आणि ते रेंगाळणं कामाला आलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात इटास्का नावाचं तळं आहे, तिथनं मिसिसिपी निघते, हिवाळ्यात तिथली तळी वरनं गोठतात. कोल्हापूरच्या पोरांना बर्फ म्हणजे रसवंतीतला किंवा फ्रीजमधला, त्यांना हे पटेचना. एकानं विचारलं, "मॅडम, वरनं बर्फ झाल्यावर श्वास कुठनं घ्यायचा ओ तिनं?" प्रश्न इतका सरळ होता की पुस्तक बाजूला ठेवून काचेच्या ग्लासात बर्फ टाकून दाखवला. बर्फ तरंगतो. म्हणजे तळं वरनं गोठतं, खाली पाणी पाणीच राहतं, तळाशी साधारण ४ अंश. तिथं चिखलात हे कासव पडून राहतं, शरीराचं सगळं काम इतकं मंदावतं की महिनोन्महिने पाण्याबाहेर नाक न काढता जगतं, लागेल तेवढा थोडासा ऑक्सिजन कातडीतनं पाण्यातूनच घेतं. बर्फ बुडणारा असता तर तळातलं सगळं गेलं असतं, हे पोरांनीच शोधून काढलं, मी नाही सांगितलं.

मग यायचा तो प्रश्न आलाच, "मिनला आपल्या रंकाळ्यात सोडली तर जगंल काय ती?" मी हाच प्रश्न धरून ठेवला आणि पुढचं सगळं शिकवणं त्याच्यावर चालवलं. पुस्तकाचा रिव्ह्यू म्हणून वाचताय तर हे लक्षात घ्या की पुस्तकाची खरी किंमत या प्रश्नात वसूल होते, नुसतं वाचून ठेवलं तर छान चित्रांचं अमेरिकेतलं पुस्तक एवढंच राहील.

रंकाळ्यावर सकाळी लवकर गेलो, वह्या घेऊन. खायला काय आहे? चिलापी मासे आहेत ढिगानं, गोगलगायी आहेत, शेवाळ आहे, हे कासव मासे पण खातं आणि पाणवनस्पती पण खातं, तर उपाशी मरणार नाही. थंडीचा प्रश्नच नाही. पोरं खूश, जगंल म्हणाली. मग मी विचारलं अंडी कुठं घालेल? कासव पाण्यात राहत असलं तरी अंडी जमिनीवर, मऊ मातीत किंवा वाळूत खड्डा काढून घालतं. तर सगळ्यांनी मान वळवून काठाकडं बघितलं. दगडी भिंत, घाट, फरशी, फिरायचा ट्रॅक. जिथं भिंत नाही, गवत आणि ओली माती आहे तो भाग लांबनं दिसत होता, तिथं कुत्री फिरत होती. एका मुलीनं वहीत लिहिलं, 'पोट भरेल पण पिल्लं होणार नाहीत.' दहा पानांची नोट्स लिहून मला एवढं नेमकं सांगता आलं नसतं.

जलपर्णी आणि सांडपाणी हा विषय रंकाळ्याच्या बाबतीत कोल्हापूरकरांना नवीन नाही, पण पोरांना तो फक्त 'घाण झालंय' एवढाच माहीत होता. पाण्यात खताचं अन्न जास्त झालं की शेवाळ आणि जलपर्णी माजते, जलपर्णी उजेड अडवते, मग हे सगळं कुजायला लागलं की कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. कासव नाकानं हवेतनं श्वास घेतं म्हणून ते तगून जाईल, मासा नाही तगणार. एकाच तळ्यात एकाला चालतंय आणि दुसऱ्याला नाही, हे पोरांना मिनमुळं समजलं.

पंचगंगेवर गेल्यावर तर आमच्या पोरांनी मलाच शिकवलं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे चौथीतल्या पोराला झोपेतनं उठवून विचारा, सांगेल. २०१९ आणि २०२१ चे पूर घरोघरी बोलले जातात. पण पूर आला की नदीतल्या प्राण्यांचं काय होतं हा विचार कुणी केलेला नव्हता. आणि कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे काय ते बघा, पावसाळा संपला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, पाऊस यायच्या आधी बरगे काढतात. म्हणजे तीच नदी वर्षातले कितीतरी महिने बंधाऱ्याच्या मागं तळ्यासारखी थांबलेली आणि पावसाळ्यात गढूळ, धावती. एकाच जागी दोन वेगळी घरं झाली ही, आणि तिथं राहणाऱ्याला दोन्हीत जगता आलं पाहिजे. वरच्या मिसिसिपीवर पण ठिकठिकाणी धरणं आणि बोटींना वर-खाली नेणारे लॉक, म्हणजे दारं लावलेले पाण्याचे कप्पे, आहेत, त्यामुळं तुलना मस्त जमली.

भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी, गुप्त सरस्वती या पंचगंगेच्या नद्या, प्रयाग चिखलीचा संगम, मग पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेत, आणि कृष्णा आंध्रातनं बंगालच्या उपसागरात, हा नकाशा आम्ही पुस्तकातल्या नकाशांसारखा समासात चित्रं काढून भिंतीवर लावला. गगनबावड्याला उभं राहिलं तर अरबी समुद्र जवळ, तरी तिथला पाऊस पार पलीकडच्या समुद्रात जातो यावर दोन दिवस वाद चालला होता वर्गात. आपल्या कृष्णेत मगरी आहेत, मऊ पाठीची कासवं आहेत, मरळ आहे, वाम आहे, मग कुणाला नायक करून गोष्ट लिहायची यावर पण भांडणं. शेवटी ज्यानं त्यानं आपापली लिहिली, बहुतेकांनी खेकडा घेतला, कारण शेताच्या बांधातलं खेकड्याचं बीळ सगळ्यांनी बघितलेलं.

एक गोष्ट वर्गातच केली ती सांगते, कुणालाही जमेल. एका पोरानं गावाकडच्या ओढ्यातनं चहाच्या गाळणीनं काही जीव धरून बरणीत आणले. त्यात चतुराचं पिल्लू होतं, चतुर म्हणजे पंखवाला उडणारा, पण त्याचं बालपण पाण्यात जातं. मातकट, सहा पायांचं, हालचाल नाही, पोरं म्हणाली मेलंय. डासाची अळी वळवळत जवळनं गेली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यानं खालचा जबडा हातासारखा पुढं फेकून तिला धरली आणि खाल्ली. वर्गात आवाजच नाही. मग एकदम सगळे ओरडले. दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्यात परत सोडायला सांगितलं, आणि त्यानं सोडून आल्याचं त्याच्या आईकडनं पण विचारून घेतलं.

एक सावधानी मात्र आवर्जून. पुस्तक वाचलं की पोरांना कासव पाळायचं असतं. आपल्याकडची कासवं पकडणं, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे पालकांना पण स्पष्ट सांगा. आणि मत्स्यालयाच्या दुकानात जी हिरवी, डोळ्यामागं लाल पट्टा असलेली इवलीशी कासवं मिळतात ती मूळची मिनच्याच नदीच्या खोऱ्यातली आहेत, मिसिसिपीकडची. मोठी झाली की लोकांना नको होतात, मग तळ्यात सोडून देतात आणि ती आपल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतात. जगभर त्यांचा त्रास झालेला आहे. 'जगंल काय?' या प्रश्नाच्या पुढचा प्रश्न इथं मिळाला, जगली तर आधीपासून राहणाऱ्यांचं काय? चौथीच्या पोरांना हा प्रश्न पूर्ण कळतो, कमी समजू नका.

आता खटकलेलं. इंग्रजी अवघड आहे, वाक्यं लांब, जुन्या वळणाची, आपल्या चौथीच काय सातवीच्या पोरालाही एकट्याला जड जाईल. अंतरं सगळी मैलात, फुटात. नदीकाठच्या वस्त्यांचा इतिहास बराच आहे, तो मी जवळजवळ सगळा गाळला, आणि तिथल्या मूळ रहिवाशांबद्दलचं लिखाण त्या काळातलं आहे, ते पोरांपुढं जसंच्या तसं वाचू नये असं माझं स्पष्ट मत. प्रदूषणाबद्दल आज आपण जे बोलतो ते सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकात शोधू नका, ते तुम्हाला जोडावं लागेल. आणि किंमत. बाहेरचं पुस्तक असल्यामुळं आपल्या बालपुस्तकांच्या मानानं महाग पडतं, माझं ऑनलाइन मागवलेलं कोपरा दुमडून आलं, पॅकिंग अगदीच पातळ होतं.

एक दोन पालकांनी विचारलं की सिलॅबसमध्ये नाही मग कशाला. त्यांना वह्या दाखवल्या, अन्नसाखळी, उभयचर, जलप्रदूषण, नदीचा प्रवाह, सगळं सिलॅबसमधलंच होतं.

घेणार असाल तर शाळेला एकच प्रत पुरते, प्रत्येकाला लागत नाही. एका वेळी एकच प्रकरण सांगा, आधी स्वतः घरी वाचून घ्या, सोबत जगाचा नकाशा, एक भिंग आणि झाकणाला भोकं पाडलेली काचेची बरणी ठेवा. तिसरी ते सहावी चालेल. पावसाळा संपून पाणी निवळलं की सुरू करा, म्हणजे काठावर नेता येतं, भर पुराच्या दिवसात पोरांना पंचगंगेकडं अजिबात नेऊ नका. कुणाला आमच्या भिंतीवरच्या नकाशाचा फोटो पाहिजे असेल तर खाली कळवा, पाठवते.