झोटेरो काही महिने वापरल्यावर: जर्नल-मॅगझिनमधल्या लेखांचे संदर्भ नीट देता येतात का?

रिसर्च पेपरचे संदर्भ साठवून त्यांची यादी बनवून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरायला लागून आता बरेच महिने झालेत, सगळं लिखाण त्याच्यावरच चाललंय, म्हणून सविस्तर लिहितेय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून आहे, वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स तिन्हीत चालतं, त्यामुळे घ्यावं की नाही हा प्रश्नच नाही, घ्याच. पण एक गोष्ट मनापासून सांगायचीये, ती म्हणजे हे सॉफ्टवेअर मांडणी बिनचूक करतं, माहिती बरोबर आहे की नाही हे मात्र आपणच बघायचं असतं.

पुस्तकांचं फार काही नसतं हो. खरी कटकट नियतकालिकांची, कारण लेखाचं नाव वेगळं, जर्नलचं वेगळं, वर खंड, अंक, पानं, तारीख, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक), आणि प्रत्येक स्टाइलला, म्हणजे संदर्भ लिहायच्या एपीए, एमएलए अशा ठरलेल्या पद्धतींना, यातलं काय कुठे हवं ते निराळं. एपीएमध्ये जर्नलचं नाव आणि खंड इटॅलिक, अंक लगेच कंसात पण साधा, आणि पानांच्या आधी काही लिहायचं नाही. एमएलएला तोच खंड-अंक 'व्हॉल', 'नो' असं लिहून हवा. हे सगळं हाताने करत बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं, इथे स्टाइल बदलली की अख्खी यादी क्षणात बदलते. या एका गोष्टीसाठी पूर्ण मार्क.

आता सांभाळायचं कुठे ते. सगळ्यात आधी आयटम टाइप, म्हणजे नोंद कशाची आहे तो प्रकार, बघा. ब्राउझरमधून सेव्ह करताना साप्ताहिकातला लेख बरेचदा 'वेबपेज' म्हणून येतो, कारण त्या साइटनेच माहिती धड दिलेली नसते. तो 'मॅगझिन आर्टिकल' करायचा, वर्तमानपत्राचा असेल तर 'न्यूजपेपर आर्टिकल'. एपीएत जर्नलच्या लेखाला नुसतं साल पुरतं पण साप्ताहिकाला आणि वर्तमानपत्राला पूर्ण तारीख लागते, टाइपच चुकला तर पुढचं सगळं चुकतं आणि यादी वरवर बघून ते कळतही नाही.

दुसरं म्हणजे छापील अंकाच्या आधी ऑनलाइन आलेले लेख. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही सेव्ह केलं तेव्हा खंड नव्हता, अंक नव्हता, पानंही नव्हती, नंतर लेख अंकात गेला, कधीकधी सालही पुढचं झालं, आणि तुमच्याकडे मात्र जुनीच नोंद पडून असते, ती आपोआप बदलत नाही. म्हणून पेपर पाठवायच्या आधी खंड रिकामा असलेल्या नोंदी काढायच्या आणि एकेकीचा डीओआय उघडून बघायचा. डीओआय टाकून नवी नोंद घेतली तरी चालतं, वरच्या जादूच्या कांडीच्या बटणाने होतं ते, मग दोन्ही मर्ज करायच्या म्हणजे पेपरमध्ये दिलेले संदर्भ तुटत नाहीत.

इंग्रजी लेखांची नावं लायब्ररीत, म्हणजे झोटेरोमधल्या तुमच्या नोंदींच्या संग्रहात, सेंटेन्स केसमध्येच ठेवा (फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं कॅपिटल). त्यावरून टायटल केस (बहुतेक शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल) सॉफ्टवेअर स्वतः करून घेतं, उलटं जमत नाही. नावावर राइट क्लिक करून केस बदलता येते पण मग विशेषनामं तपासायची, गावाचं किंवा माणसाचं पहिलं अक्षर स्मॉल झालेलं असू शकतं. लेख इंग्रजी नसेल तर लँग्वेजचा रकाना भरा, नाहीतर त्या नावालाही इंग्रजीची कॅपिटल अक्षरं लागतील.

आजकाल कितीतरी ऑनलाइन जर्नल्सना पान नंबरच नसतात, लेख क्रमांक असतो. तो पानांच्या रकान्यात येऊन बसतो आणि वाचणाऱ्याला ते पान वाटतं. एपीएच्या सातव्या आवृत्तीत त्याच्या आधी 'आर्टिकल' हा शब्द लागतो, तेवढं शेवटी बघून घ्या.

एक फीचर फार आवडलं: मागे घेतलेला लेख लायब्ररीत असेल तर झोटेरो ठळक इशारा देतं, मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसवरून. जुनी लायब्ररी असेल त्यांनी तर हे बघाच. फुकट स्टोरेज ३०० एमबी आहे, पीडीएफ जास्त असतील तर ते लवकर भरतं, पण नुसत्या नोंदी सिंक करायला त्याची गरज पडत नाही.

आणि फायनल फाइल पाठवताना 'अनलिंक सायटेशन्स' करणार असाल तर आधी कॉपी काढून ठेवा. एकदा अनलिंक केलं की त्या फाइलमधले संदर्भ साधा मजकूर होतात, आणि रिव्ह्यूअरने दोन लेख वाढवायला सांगितले की जोडलेली फाइलच लागते.